प्रतिसाद: जनरल प्रॅक्टिसमध्ये कसलं संशोधन?

संशोधन मोठ्या इस्पितळातच होतं, साध्या दवाखान्यात काय शोधणार, असं वर म्हटलंय. मला अजिबात पटत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या गावचे जनरल प्रॅक्टिशनर. तक्रार असो-नसो, गावातल्या प्रौढांचं ब्लडप्रेशर त्यांनी सरसकट मोजलं. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त, तिथेच ते कमी मिळतात. खानापूर तालुक्यातल्या दूरच्या कणकुंबी गावाकडून बेळगावला पहाटेची बस धरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि डॉक्टरांच्या शिक्षणाचं म्हणाल तर, माझ्या आत्यानं इस्पितळात इंटर्नला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, सांगितलं, "जीव वरखाली होतोय बाबा." पोरगा परराज्यातला, कन्नड जेमतेम शिकलेला. त्याला वाटलं, बाई घाबरल्यात. तिला धाप लागत होती, चार पायऱ्या चढून थांबत होती! शेवटी शेजारच्या खाटेवरच्या कन्नड मावशींनी छातीवर हात ठेवून "उसिरु, उसिरु" (म्हणजे श्वास) म्हटलं, तेव्हा त्यानं स्टेथोस्कोप लावला. पोरगा मनानं चांगला होता, पण हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. इंटर्नशिपमधला एक महिना तरी खानापूर-निपाणीच्या फॅमिली डॉक्टरांशेजारी बसून नुसतं ऐकण्यात जायला हवा.