'गो सेट अ वॉचमन': खटल्याचा निकाल वेगळा का, आणि गटात वाचायचं कसं?

रविवारवाचक

आमच्या वाचनगटात हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचून झाली. आता 'गो सेट अ वॉचमन' हाती घेतोय. आठ जण आहोत, दर रविवारी दीड तास बसतो. तिघांनी पुढे जाऊन वाचलंय आणि तिघांच्याही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. एकाच्या मते हा उत्तरार्ध, दुसऱ्याच्या मते पूर्वार्ध. तिसऱ्याने दाखवलं की 'वॉचमन'मध्ये नायिकेचा वकील बाप ॲटिकस तो बलात्काराचा खटला चक्क जिंकलेला आहे. 'मॉकिंगबर्ड'मध्ये तर काळा आरोपी टॉम रॉबिन्सन दोषी ठरतो. ही छपाईची चूक आहे का? शिवाय काही परिच्छेद दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. नेमकं काय समजून वाचायचं आणि किती बैठकी धरायच्या?

खर्डाशोधक

छपाईची चूक नाही. 'वॉचमन' छापली गेली 14 जुलै 2015 ला, पण लिहिली गेली 'मॉकिंगबर्ड'च्या आधी. 1956 च्या नाताळात मायकल आणि जॉय ब्राउन या मित्र-दांपत्याने लीबाईंना वर्षभर नोकरी न करता लिहिता येईल एवढे पैसे भेट दिले. 1957 मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनाने घेतलं ते 'वॉचमन'चं हस्तलिखित. तिथल्या संपादिका टे होहॉफ यांना त्यातल्या लहानपणीच्या आठवणी सर्वांत जिवंत वाटल्या. मग दोन वर्षांहून जास्त काळ पुनर्लेखन चाललं आणि त्यातून 11 जुलै 1960 ला 'मॉकिंगबर्ड' आली. म्हणजे कथेचा काळ नंतरचा, पण लिखाण आधीचं. तुमच्या गटातले दोघंही अर्धे बरोबर आहेत. पण 'उत्तरार्ध' हा शब्द पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवा, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. उत्तरार्ध म्हटलं की वाचक आधीच्या पुस्तकाशी मेळ मागतो, आणि तो मेळ इथे बसणारच नाही. ज्या पुस्तकाशी तो बसवायचा ते तेव्हा लिहिलंच गेलेलं नव्हतं.

सारखे परिच्छेदही त्यामुळेच. मायकॉम्ब गावाच्या स्थापनेची हकिगत, अलेक्झांड्रा आत्याचं वर्णन, कनिंगहॅम आणि कॉनिंगहॅम या आडनावांच्या स्पेलिंगवरून झालेला वाद, हे खर्ड्यातून उचलून नव्या कादंबरीत बसवलंय. 'मॉकिंगबर्ड'चं तेरावं प्रकरण शेजारी उघडं ठेवून वाचा, शिवण कुठे आहे ते लगेच दिसेल.

आता खटला. ही जागा सावकाश वाचा, अख्ख्या पुस्तकात इतकी शिकवणारी दुसरी नाही. 'वॉचमन'मध्ये तो खटला आठवणीतून जेमतेम उरकलेला आहे. मुलगी चौदा वर्षांची. आरोपीचा एक हात लाकडाच्या गिरणीत तुटलेला. त्या तुटक्या हाताचा उपयोग एवढाच की संमती होती हे सिद्ध करणं ॲटिकसला सोपं जातं. आरोपी सुटतो, विषय संपतो.

'मॉकिंगबर्ड'मध्ये हात तुटलेला नाही. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालाय आणि उजव्यापेक्षा फूटभर आखूड आहे. आरोप करणारी मुलगी मेयेला आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला, बॉब यूएलला, पाकिटावर सही करायला लावतो आणि तो डाव्या हाताने करतो. मग टॉम उभा राहतो आणि तो हात सगळ्या कोर्टाला दिसतो. खर्ड्यातला एका ओळीचा तपशील इथे पुराव्याची अख्खी साखळी झालाय. आणि पुरावा इतका डोळ्यांसमोर असूनही ज्यूरी दोषी ठरवते, म्हणून तो निकाल वाचकाला झोंबतो. खटला जिंकलेला ठेवला असता तर हे काहीच उभं राहिलं नसतं. पुनर्लेखन म्हणजे काय हे कुणाला समजावायचं असेल तर ही दोन पानं समोर ठेवावीत.

गॅलरीतला_प्रेक्षक

वरच्या उत्तराशी सहमत. पण 'नुसता खर्डा' म्हणून पुस्तक सोडून देऊ नका. ते काय बोलतंय हेही ऐकायला हवं.

सव्वीस वर्षांची जीन लुईझ, म्हणजे आपली स्काउट, न्यूयॉर्कहून गावी येते. ॲटिकस बहात्तर वर्षांचा, संधिवाताने बोटं आखडलेली. घरात तिला वंशद्वेषी पत्रक सापडतं. मग आठव्या प्रकरणात ती कोर्टाच्या गॅलरीत जाऊन बसते, जिथे लहानपणी बसायची तिथेच, आणि खाली गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवू पाहणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलच्या बैठकीत बाप बसलेला दिसतो. वक्ता विखार ओकतोय आणि बाप तो थांबवत नाही.

हे समजायला 1954 माहीत हवं. 17 मे 1954 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दोन महिन्यांत मिसिसिपीतल्या इंडियनोला गावी पहिली सिटिझन्स कौन्सिल निघाली आणि मग दक्षिणेत गावोगावी निघाल्या. काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनसारखे बुरखे यांना लागत नसत. वकील, व्यापारी, बँकवाले अशी गावची प्रतिष्ठित मंडळीच त्यांत होती. सतराव्या प्रकरणात बाप-लेकीचं भांडण होतं त्यात दहाव्या घटनादुरुस्तीचा उल्लेख येतो. राज्यांचे अधिकार विरुद्ध केंद्र, हा तो वाद. ही पार्श्वभूमी दहा मिनिटांत सांगून टाका, नाहीतर ते प्रकरण नुसती आरडाओरड वाटतं.

'हा आमचा ॲटिकस नव्हेच' असं गटात कुणीतरी म्हणणार. तेव्हा 'मॉकिंगबर्ड'चं पंधरावं प्रकरण काढा. तिथे ॲटिकस मुलांना सांगतो की क्लॅन ही मुख्यतः राजकीय संघटना होती आणि ती केव्हाच संपली. पहिल्या वाचनात हे वाक्य निसटतं. 'वॉचमन'मध्ये जीन लुईझशी लग्न करू पाहणारा हेन्री सांगतो की बुरख्यांमागे कोण आहेत हे बघायला ॲटिकस एकेकाळी स्वतः क्लॅनमध्ये गेला होता. दोन्ही वाक्यं लागोपाठ मोठ्याने वाचा. लहान स्काउटने बापाकडे मान वर करून पाहिलंय, तिच्या नजरेत हे मावत नव्हतं. आणि 1962 च्या चित्रपटात ॲटिकस झालेल्या ग्रेगरी पेकचा चेहरा डोक्यात असेल तर तो बैठकीपुरता बाहेर ठेवायला सांगा. निम्मा राग त्या चेहऱ्यासाठी असतो.

रविवारवाचक

हात आणि पंधरावं प्रकरण, दोन्ही आमच्याकडून निसटलं होतं. मनापासून आभार. अजून दोन गोष्टी विचारतो. स्काउटचा भाऊ जेम, त्याचं काय होतं हे आधी सांगून ठेवावं का? आणि वंशद्वेषी शिव्या मोठ्याने वाचताना काय करता?

बैठकआखणी

जेमचं आधी सांगून टाका. पहिल्याच प्रकरणात अर्ध्या वाक्यात कळतं की तो तरुणपणीच अचानक कोसळून गेला. ज्यांना तयारी नसते ते पुढची वीस पानं नीट वाचत नाहीत. 'मॉकिंगबर्ड'मधला शेजारी बू रॅडली या पुस्तकात नाही आणि बालमित्र डिल फक्त आठवणीत आहे, हेही सांगा, म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही.

शिव्यांबद्दल पहिल्या बैठकीतच ठरवा: छापील पानावर शब्द जसा आहे तसा राहू द्या, मोठ्याने वाचताना 'तो शब्द' म्हणा आणि पुढे जा. मराठीत सौम्य पर्याय घालू नका. सौम्य शब्द घातला की बैठकीतला वक्ता सभ्य वाटायला लागतो आणि जीन लुईझ बाहेर पडून ओकते ते का, हेच कळत नाही.

एकोणीस प्रकरणं आणि 278 पानं आहेत. दीड तासाच्या पाच बैठकी पुरतात, पण समान वाटणी करू नका.

पहिली: प्रकरण 1 ते 5. हलकीफुलकी आहेत. पाचव्यातला मुलांचा बाप्तिस्म्याचा खेळ वाचून दाखवा, होहॉफबाईंना काय दिसलं असेल ते कळतं.

दुसरी: 6 ते 10. सातव्यात चर्चमध्ये बायबलमधलं यशया 21:6 वाचलं जातं, पुस्तकाचं नाव तिथूनच आलंय. आठव्याला निम्मा वेळ द्या.

तिसरी: फक्त 11 आणि 12. बाराव्यात जीन लुईझ म्हाताऱ्या कॅल्पर्नियाला भेटायला जाते. नातवाच्या मोटारीखाली एक गोरा माणूस मेलाय. जिने हिला वाढवलं ती कॅल्पर्निया हिच्याशी परक्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलते. 'आमचा द्वेष करायचीस का?' असं ही विचारते आणि कॅल्पर्निया बराच वेळ गप्प राहून मान नकारार्थी हलवते. या बैठकीत दुसरं काही घेऊ नका.

चौथी: 13 ते 16. भराभर होते.

पाचवी: 17 ते 19. अठराव्यात जॅक काका जीन लुईझच्या थोबाडीत मारतो आणि मग तिला समजावतो. पुस्तक इथे सगळ्यांत कच्चं आहे आणि गटात ते उघड म्हणावं. हा प्रसंग पुन्हा लिहायला हवा होता.

पुठ्ठाबांधणी

एक मुद्दा राहिला. लीबाईंची संमती होती का, हे गटात निघणारच. पक्कं एवढं: घोषणा 3 फेब्रुवारी 2015 ला झाली. त्यांचे व्यवहार पाहणारी थोरली बहीण ॲलिस त्याआधी नोव्हेंबर 2014 मध्ये वारली होती. अलाबामा राज्याने वृद्ध व्यक्तीच्या छळाच्या तक्रारीची चौकशी केली आणि तक्रारीत तथ्य नाही असं ठरवलं. लीबाई 19 फेब्रुवारी 2016 ला गेल्या. हस्तलिखित नेमकं केव्हा सापडलं यावर मात्र 2014 आणि 2011 असे दोन दावे छापून आले होते. यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. मिशिगनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाने तेव्हा गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले होते, कारण जाहिरातीत ही नवी कादंबरी म्हणून विकली गेली. ते दुकान म्हणत होतं की हा अभ्यासकांसाठीचा खर्डा आहे. विकत घेताना ही पाटी लावली असती तर तुमच्या तिघांचं भांडण झालंच नसतं.