सिरिंजच्या टोपणाचा रंग

दादा, तुम्ही वर लिहिलंत की फार्मासिस्टच्या क्षमतेचे निकष (म्हणजे त्याला काय काय यायला हवं ते) नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांसाठी. तुमचा प्रश्न, ग्रामीण रुग्णालयात एकटा फार्मासिस्ट खिडकीवरची गर्दी निपटवेल की निकष पाळेल? गर्दीचं खरं आहे, बाजाराच्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. पण मला वाटतं, निकषांची गरज आपल्याकडेच जास्त आहे.

गडचिरोलीकडे असताना एक आजी यायच्या. साखर काही केल्या उतरेना, डॉक्टर डोस वाढवत होते. एकदा म्हटलं, "आजी, सुई कशी भरता ते दाखवा बरं." पिशवीतून निघाली इन्सुलिनची ४० युनिटची (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) बाटली आणि नारिंगी टोपणाची, म्हणजे मिलिलिटरला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज! त्यात २० च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिटची सिरिंज दिली. पण त्याआधी डॉक्टरांशी बोलून वाढवलेला डोस खाली आणला, नाहीतर साखर धाडकन पडली असती.

समुपदेशन, म्हणजे औषध कसं घ्यायचं ते रुग्णाला समजावणं, ही काही जास्तीची सेवा नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते आपलं काम म्हणूनच लिहिलं आहे. सगळ्यांना वेळ देता येणार नाही, कबूल. मग निवड करा: इन्सुलिनवाले, सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया घेणारे (या औषधाने रक्तपेशी कमी होऊ शकतात, रक्ततपासणी कधी झाली ते विचाराच), आणि मलेरियात प्रायमाक्विन देताना जी६पीडीची चौकशी (हे एन्झाइम कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात). मी खिडकीशी एक दोनशे पानी वही ठेवली होती. सापडलेली चूक, कोणाला कळवली, पुढे काय झालं, एवढंच लिहायचं.