रंगाआधी काँक्रीट तपासा
इमारतीच्या दर्शनी भागाचे तडे बुजवून जलरोधक रंग मारला की तो निर्धास्त, हे मत मला अर्धंच पटतं. रंग पाणी अडवतो, पण तडा आतल्या सळीच्या गंजाने आला असेल तर तो पुन्हा उघडणारच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून फोडतो.

हे ओळखायला फिनॉल्फ्थॅलिनची (अल्कता असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाची) साधी चाचणी मदत करते. काँक्रीट ताजं फोडा, धूळ झटका आणि द्रावण फवारा. गडद गुलाबी झालं तर सळीला गंजापासून वाचवणारी काँक्रीटची अल्कता शाबूत आहे. रंगहीन राहिलं तर सामू (pH) सुमारे ९ च्या खाली आलाय, म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता घटणं) तिथवर पोचलंय. हा रंगहीन पट्टा सळीला भिडला असेल आणि सळी गंजलेली दिसली, तर सळीच्या मागपर्यंत काँक्रीट काढून गंज घासावाच लागतो, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा दुरुस्ती-मसाला) भरायचा. रंग त्यानंतर.