‘अक्यूट एओर्टिक ऑक्लूजन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : तातडीच्या विभागातल्या परिचारिकांसाठी मराठी माहितीपत्रक करतेय. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघून शरीराला रक्त पुरवणारी मुख्य धमनी, एकाएकी बंद होण्याला ‘तीव्र महाधमनी अवरोध’ असं सुचवलंय, पण कानाला पटत नाही. दुसरं काही?

उत्तर : ‘तीव्र’ आधी काढा. तीव्र म्हणजे जोराचा. इथे सांगायचंय ते झटकन झाल्याचं. आयुर्वेदातला ‘आशुकारी’ नेमका आहे, पण तो समजवायला दुसरं पत्रक लागेल! सरळ ‘अचानक’ लिहा. महाधमनीचं खालचं टोक वर्षानुवर्षं अरुंद होत गेलं, तर आजूबाजूच्या वाहिन्या वाढून रक्ताला वाट काढून देतात. असा रुग्ण ‘चाललं की मांड्या भरून येतात’ म्हणत येतो. महाधमनी अचानक बंद पडली तर वाट काढायला सवडच नसते.

दुसरं मत : ‘अवरोध’ही नको. आपल्याकडे ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ म्हणतात, अवरोध ऐकून तसंच अर्धवट काही डोळ्यांपुढे येतं. इथे वाहिनी पूर्ण बंद. ‘महाधमनी अचानक बंद पडणे’ लांब आहे, पण चुकत नाही. (जुन्या पुस्तकांतली ‘महारोहिणी’ मला आवडते, आता कोणी ओळखणार नाही.)

प्रश्नकर्ती : आणि रक्ताची गुठळी ‘होणे’ की ‘अडकणे’?

उत्तर : दोन्ही, पण वेगवेगळ्या रुग्णांत. हृदयाचे ठोके अनियमित असले की तिथे धरलेली गुठळी वाहत येते आणि बेंबीच्या पातळीला, महाधमनीला दोन फाटे फुटतात तिथे अडकते. आधीच खराब झालेल्या भिंतीवर किंवा जुन्या स्टेंटमध्ये (वाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीच्या नळीत) ती जागच्या जागी होते.

एक डॉक्टर : माझी काळजी वेगळ्याच शब्दाची आहे, ‘लकवा’. नातेवाईक सांगतात, ‘दोन्ही पाय एकदम गेले, लकवा मारला.’ केसपेपरवर तेच उतरतं, रुग्ण मणक्याच्या एमआरआयला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. रक्ताविना स्नायू आणि नसा साधारण सहा तासांत कायमच्या बिघडू लागतात. कधी दुखणं कमी आणि लुळेपणाच जास्त असतो, त्यामुळे फसगत होते. म्हणून पत्रकात ‘लुळे’च्या शेजारी ‘गार’ हवंच : पाय गार, फिकट किंवा निळसर चट्ट्यांचे, आणि दोन्ही जांघांत नाडी लागत नाही. मनगटाची नाडी ठीक लागते, ती बघून थांबू नये. शंका आली की शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना लगेच बोलवायचं आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करायची; क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी खोळंबायचं नाही. रक्तस्रावाचा धोका नसेल तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) डॉक्टर तेव्हाच सुरू करतात.

दुसरं मत : ‘जांघ’ जपून वापरा. हिंदीत जांघ म्हणजे मांडी. हिंदी बोलणाऱ्या परिचारिका मांडीवर नाडी शोधत बसतील.

प्रश्नकर्ती : मग ‘जांघेत, म्हणजे मांडी पोटाला मिळते त्या घडीत’ असं लिहिते, सोबत चित्र टाकते.