क्रेडिट कार्डाचे चार्जबॅक कमी करण्यासाठी दुकानदाराने काय करावे?

साडीविक्रेता, दादर
नमस्कार. दादर पश्चिमेला आमचे पैठणी आणि सुती साड्यांचे दुकान आहे आणि तीन वर्षांपासून संकेतस्थळावरूनही विक्री चालते. गेल्या दोन महिन्यांत तीन व्यवहारांवर चार्जबॅक आले, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून भरलेले पैसे बँकेमार्फत आमच्याकडून परत घेतले गेले. ग्राहकांनी आमच्याशी एक शब्दही न बोलता आपापल्या बँकेकडे तक्रार केली आणि पेमेंट गेटवेने (ऑनलाइन भरलेले पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने) ती रक्कम, वर स्वतःचे शुल्क लावून, आमच्या येणे रकमेतून वळती केली. पहिल्या ग्राहकाचे म्हणणे, पार्सल मिळालेच नाही; कुरिअरवाला सांगतो की पवईच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनकडे दिले. दुसऱ्या बाईंना पैठणीचा रंग फोटोपेक्षा वेगळा वाटला. तिसऱ्या बाई अमेरिकेत राहतात, पूर्वीही आमच्याकडून साड्या मागवलेल्या आहेत, तरी त्यांनी 'हा व्यवहार माझा नाही' असे बँकेला कळवले. आमची नोंदणी आजोबांच्या नावाच्या जुन्या फर्मची आहे, त्यामुळे सगळी कागदपत्रे त्या नावाने आहेत, आणि ती आम्ही तत्परतेने पाठवलीही. तरी पैसे गेले. असे प्रसंग मुळातच कमी व्हावेत यासाठी काय करावे?

माजी बँक कर्मचारी, मुलुंड
मी काही वर्षे एका बँकेच्या वादनिवारण विभागात होतो. आपली तिन्ही प्रकरणे एकाच नावाने ओळखली जात असली तरी त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि तक्रारीसोबत येणारा कारणाचा कोड न पाहता सरसकट बिल पाठवून देणे ही दुकानदारांची नेहमीची चूक. माल मिळाला नाही, या तक्रारीला बिल हे उत्तरच नव्हे. तिथे पोच लागते.

तिसऱ्या प्रकरणाचे मूळ बहुधा आपणच लिहून गेला आहात. त्या बाईंच्या स्टेटमेंटवर दुकानाचे नाव नसून आजोबांच्या फर्मचे नाव उमटले असणार, आणि ते त्यांनी कधी ऐकलेले नाही. अनोळखी नाव दिसले की कार्डधारक घाबरतो आणि दुकान शोधत न बसता बँकेला फोन करतो. आपल्याकडेही तेच होते, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीच भार येत नाही, म्हणून घाई करणे त्याच्या हिताचेच असते. गेटवेला पत्र लिहून स्टेटमेंटवर दुकानाचे प्रचलित नाव यावे अशी मागणी करा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

भारतीय कार्डावर ओटीपीने पडताळणी झाली असेल तर 'मी केलाच नाही' या दाव्याची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. परदेशी कार्डावर ही पायरी अनिवार्य नसल्याने तो धोका दुकानदाराच्या गळ्यात राहतो. तेव्हा परदेशी कार्डांसाठीही थ्रीडी सिक्युअर, म्हणजे पैसे भरताना कार्डधारकाची ओटीपीसारखी जादा पडताळणी, चालू करता येते का ते गेटवेला विचारा. शिवाय बाई जुन्या ग्राहक आहेत हे आपले बळ आहे. व्हिसा या कार्ड कंपनीच्या एप्रिल 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच कार्डावरचे, 120 ते 365 दिवसांपूर्वीचे, वाद न झालेले दोन व्यवहार दाखवता आले आणि त्यांतले आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख, तसेच ग्राहकाचे खाते किंवा पोचवण्याचा पत्ता असा आणखी एखादा तपशील वादातल्या व्यवहाराशी जुळला, तर जबाबदारी पुन्हा बँकेकडे वळते. त्यासाठी या नोंदी वर्षभर जपून ठेवाव्या लागतात. बहुतेक दुकाने त्या जपत नाहीत.

सहल आयोजक, गिरगाव
वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो, कारण ती मी पैसे घालवून शिकलो. एका कुटुंबाने कोकणची सहल रद्द केली, आणि चार्जबॅक आधीच दाखल झालेला आहे हे न पाहता मी भलेपणाने त्यांना यूपीआयने पैसे परत केले. पुढे चार्जबॅकही त्यांच्याच बाजूने लागला आणि तीच रक्कम माझ्याकडून दोनदा गेली. परतावा नेहमी ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, गेटवेमधूनच करावा, आणि वाद दाखल झाल्यावर आधी त्याची स्थिती पाहावी. यूपीआयने किंवा रोख दिलेले पैसे कार्डाच्या यंत्रणेला आपोआप दिसत नाहीत. परतावा सुरू केल्याच्या दिवशीच ग्राहकाला संदर्भ क्रमांकासह संदेश पाठवा, नाहीतर पैसे खात्यावर येईपर्यंतच्या चार-सहा दिवसांत त्याचा धीर सुटतो.

गृहिणी, बोरिवली
मी विक्रेती नाही, पण दोन वेळा चार्जबॅक केलेला आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. दोन्ही वेळा मी आधी दुकानाला फोन केला होता. एकीकडे कोणी उचलला नाही, दुसरीकडे 'मालक आले की सांगतो' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात करण्याची तरतूद आहे. तेवढे झाले असते तर बँकेचे फॉर्म भरत बसण्याची हौस मला नव्हती. रंगाविषयी म्हणाल, तर धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, हे मला ठाऊक आहे, परंतु प्रत्येक ग्राहकाला नसते. तिचा ट्यूबलाइटखालचा आणि उन्हातला असे दोन्ही फोटो द्या. फॉल-पिको केलेली साडी परत घेणार नसाल तर तेही पैसे भरण्याच्या पानावरच दिसू द्या. बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले कोण वाचते?

साडीविक्रेता, दादर
सर्वांचे आभार. स्टेटमेंटवरच्या नावाचा विचार मनाला शिवलाही नव्हता. आज जुने स्टेटमेंट मागवून पाहिले, तर खरोखरच आजोबांचे नाव निघाले. एक शंका उरते. मुंबईतल्या अर्ध्या सोसायट्यांत कुरिअरवाल्याला गेटच्या आत सोडतच नाहीत, मग पोच घ्यायची कशी?

माजी बँक कर्मचारी, मुलुंड
महागड्या साड्यांसाठी ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हाती देणारी कुरिअर सेवा निवडा. ग्राहक घरी नसला तरी तो फोनवर ओटीपी सांगतो, आणि वॉचमनकडे ठेवण्यास त्याची संमती होती याची नोंद आपोआप होते. स्वस्त मालासाठी किमान वॉचमनचे नाव, वेळ आणि ग्राहकाचा 'गेटवर ठेवा' हा संदेश जपून ठेवा. पवईच्या प्रकरणाची मुदत संपली नसेल तर कुरिअरकडून सहीची प्रत आजच मागवा. मुदतीत उत्तर गेले नाही तर दावा मान्य केला असेच धरले जाते.