मदत हवी आहे: बाबांचं घोरणं आणि स्लीप स्टडी

नमस्कार मंडळी, आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा ६२ वर्षांचे. घोरणं जुनंच, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण हल्ली घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं. पोट-छाती हलते, श्वास मात्र येत नाही, मग घुसमटल्यासारखे दचकून उठतात. रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड. परवा करी रोडला उतरायचं सोडून डुलकीत थेट सीएसएमटीला पोचले! गोळी चालू असूनही बीपी वरच.

डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्नियाची शंका आहे. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, ऑक्सिजन घसरतो, त्यामुळे बीपीही वाढतं म्हणे. आईला झोपेची गोळी हवी होती, पण तपासणीआधी ती नकोच, श्वास आणखी मंदावू शकतो, असं त्यांनी बजावलंय.

केईएम किंवा सायन हॉस्पिटलला स्लीप स्टडी (झोपेत श्वास, ऑक्सिजन मोजणारी तपासणी) होते का? नंबर कधी लागतो? घरी यंत्र लावून केलेली पुरते का? कुणाकडे सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) असेल तर एका खोलीत बाकीच्यांना आवाजाचा त्रास होतो का, तेही सांगा. आणि मुख्य म्हणजे, "घोरण्यासाठी कोणी डॉक्टरकडे जातं का?" म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही कसं तयार केलंत?