"संस्कार घरी द्या, टपरीवाल्याला छळू नका" म्हणणाऱ्यांनो, हितं या जरा

पेठेतला_बाप: काल एकानं लिहिलंय की १८ च्या आतल्यांना तंबाखू विकू नका हा कायदा म्हणजे नुसतं नाटक, आईबापांनी संस्कार द्यावेत, गरिबाच्या पोटावर पाय कशाला. वाचून डोकंच फिरलं. आवो, शाळा सुटली की आठवी-नववीची पोरं दप्तर पाठीला लावून टपरीम्होरं उभी असतात, दोघांत एक तंबाखू-सुपारीचा मावा घेतात, आणि टपरीवाला वय न विचारता 'चुना जास्त का कमी' विचारतोय! '१८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री दंडनीय गुन्हा' ही पाटी हाय की लावलेली, तिच्याच खिळ्याला पुड्यांची माळ अडकवलीय. २००३ चा कायदा हाय. शाळेपासून १०० यार्डाच्या आत विकायचं नाही म्हणतात, कुणी टेप धरून मोजलंय काय कधी?

मामाची_टपरी: मोजा की. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सगळं धरून टेप लावली तर एकबी टपरी राहत नाही, मग मामानं पंचगंगेत बसायचं काय? आणि वय कसं ओळखायचं सांगा, आजकाल नववीतल्याला मिशा असतात. आधार मागितलं की 'तू कोण रं विचारणारा' म्हणून दुसऱ्या टपरीवर जातंय. वर म्हणतंय आज्जानं मागवलीय. आणि खरंच आज्जानंच मागवलेली असती!

रंकाळा_कट्टा: हे मात्र खरं. आमची आज्जी सकाळी मिशेरी भाजायची, सगळा वाडा खोकायचा, आणि तंबाखू आणायला मीच पळायचो, वर चार आणे मला. कुणाला गुन्हा वाटला नाही.

काळा_कोट_सीपीआर_चौक: वाटला नाही म्हणून गुन्हा नव्हता असं नाही. टपरीवाले भाऊ, समोरचा १८ चा आहे याची खात्री करणं नियमानं विकणाऱ्याचंच काम आहे, 'आज्जानं मागवली' चालत नाही. २००३ च्या कायद्यात दंड फक्त २०० रुपयांपर्यंत, म्हणून कुणी मनावर घेत नाही हे मान्य. पण बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वाचा, लहान मुलाला तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. आणि सुट्टी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. पोरं पाकीट घेत नाहीत, एक-एक घेतात, म्हणजे पाकिटावरचा तो सडका जबडा त्यांना दिसतच नाही.

मामाची_टपरी: ७ वर्षं! दारूवाले मोकाट, मटकेवाले मोकाट, माझा मामा आत. लई भारी. कंपनीला कोण विचारत नाही, शेतात पिकतीय तोवर तंबाखू विकली जाणारच. आधी ते कर्नाटकातल्या निपाणीचं पीक बंद करा.

निपाणीची_सून: निपाणीला मधी आणायचं काम नाही!! आमच्या सासऱ्यांनी तंबाखूवर घर बांधलं, पोरांना शिकवलं. १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर हायवेवर बसलेली माणसं हायत घरात, भाव मागितला म्हणून गोळीबार झाला. वखारीत तंबाखू चाळून बायकांची छाती जायची ते कुणाला दिसलं नाही. आणि कायद्याचंच म्हणाल तर कर्नाटकानं वय २१ केलंय, दंड १००० पर्यंत. तुम्ही बसा १८ वर.

रंकाळा_कट्टा: वैनी, २१ केलं आणि गुटखा? आमच्याकडं २०१२ पासून बंद, तरी रात्री गाड्या भरून कुठनं येतोय ते कर्नाटकच्या सीमेवर कागलच्या नाक्यावर शेंबडं पोरगंबी सांगंल.

निपाणीची_सून: गुटखा आमच्या कर्नाटकातबी बंदच हाय. आणि खाऊन रंकाळ्याच्या कठड्यावर पिचकाऱ्या मारतंय कोण, आम्ही येतोय काय रोज थुंकायला?

रंकाळा_कट्टा: पर्यटक असतात ते.

निपाणीची_सून: व्हय व्हय, पर्यटक!

पेठेतला_बाप: आवो विषय पोरांचा होता! २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात १३ ते १५ वयातली ८.५ टक्के पोरं तंबाखू घेताना सापडली, म्हणजे साठच्या वर्गात पाच. त्या पाचांना शेतकरी देत नाही, कंपनीबी देत नाही, हातात पुडी ठेवतो तो टपरीवालाच. माझा सख्खा चुलतभाऊ नववीत मावा शिकला, चाळिशीत तोंड उघडंना झालं, दोन बोटं आत जात नव्हती, भात पातळ करून द्यायचो. घरात संस्कार काय कमी होते? वारकरी घर आमचं.

मामाची_टपरी: भावाचं वाईट झालं, त्यावर काय बोलणार. बरं, उद्यापासनं मामाला सांगतो, दप्तरवाल्याला द्यायचं नाही. शेजारचा टपरीवाला देणार आणि आमचं गिऱ्हाईक जाणार, तेवढं तुम्ही भरून द्या.

पेठेतला_बाप: शेजारच्याचीबी तक्रार करतो की, नाव सांग.

मामाची_टपरी: तोबी मामाच हाय. धाकला.

निपाणीची_सून: आणि ते नाक्यावरच्या गाड्यांचं, नंबर बघा आधी. एमएच ०९, तुमच्या कोल्हापूरच्याच असतात निम्म्या.